गाडीमागचे ऐंशी सेंटिमीटर

हौद्यात टोमॅटोचे क्रेट केबिनच्या टपाइतके चढले, की पिकअपच्या ड्रायव्हरसमोरचा मधला आरसा नावापुरता उरतो. त्यात मागच्या काचेला टेकलेलं प्लॅस्टिक तेवढं दिसतं. राहिले दोन बाजूंचे आरसे. ते गाडीच्या दोन्ही कुशी दाखवतात, पाठ दाखवत नाहीत. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात अशा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. माल उतरवायचा तर फाळका गाळ्याकडे आणि तोंड बाहेर, अशीच गाडी लावावी लागते. म्हणजे आवारात शिरलेली प्रत्येक गाडी एकदा तरी न बघता मागे जाते. मागे हमाल असतात, क्रेट मोजणारे असतात, चहाची किटली घेऊन फिरणारा पोरगा असतो. निवडायला आलेल्या बायांची लहान मुलंही तिथेच खेळत असतात.

पूर्वी अशा वेळी क्लीनर खाली उतरायचा. ‘येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, बस!’ असं ओरडत आणि हौद्यावर थाप मारत तो गाडी जागेवर लावून द्यायचा. मोठ्या ट्रकवर तो अजून दिसतो. पिकअपवर तो परवडत नाही. पिकअपचा मालक, ड्रायव्हर आणि हमाल बहुतेक वेळा एकच माणूस असतो. हप्ता फेडायचा, डिझेल टाकायचं, त्यात आणखी एकाचा पगार कुठून काढायचा? क्लीनर गेला आणि गाडीच्या मागे कुणाचे डोळेच राहिले नाहीत. गाडीच्या पाठीला लावायचा रिव्हर्स कॅमेरा ही मला या रिकाम्या जागेची गोष्ट वाटते. आपल्याकडे मात्र तो विकला जातो सीटकव्हर, स्टिअरिंगकव्हर आणि रंगीत दिव्यांच्या रांगेत, सजावटीचं सामान म्हणून.

महामार्गालगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात मी हे काम बघायला बसले होते. मिस्त्री पन्नाशीचे. आयुष्यभर डायनामो, स्टार्टर आणि हॉर्नची कामं केलेले. कॅमेऱ्याची कामं अलीकडची. एक पिकअपवाला आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मिस्त्री, स्क्रीन किती इंची मिळंल?’’

‘‘स्क्रीनचं नंतर बघू शेठ. आधी गाडी चालू करा, रिव्हर्स टाका. मागचा पांढरा दिवा लागतो का बघू.’’

दिवा लागला नाही. एका बाजूचं हाऊजिंग फुटलेलं होतं, दुसऱ्या बाजूचा बल्ब उडालेला. मिस्त्रींनी कॅमेऱ्याचं खोकं बाजूला ठेवलं आणि आधी दिव्याचं काम हातात घेतलं. ‘‘कॅमेऱ्याला करंट इथूनच मिळणार,’’ ते मला म्हणाले. ‘‘आणि रात्री उजेडही इथूनच. हाच मेलेला असंल तर कॅमेरा काय बघणार, ताई?’’

या एका वाक्यात निम्मं तंत्र आलं. गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो. रिव्हर्स गिअर पडला की तो जुळतो आणि मागच्या पांढऱ्या दिव्याला बारा व्होल्टचा पुरवठा होतो. कॅमेऱ्याची लाल वायर याच पुरवठ्याला जोडतात, काळी वायर गाडीच्या लोखंडाला अर्थ करतात. म्हणजे गाडी मागे जायला निघेल तेव्हाच कॅमेरा जागा होतो. चित्र वाहून नेणारी पिवळ्या पिनेची वायर पुढे केबिनपर्यंत येते. तिच्याबरोबर एक बारीक लाल तारही धावत असते. मागच्या दिव्याचा करंट ती पुढे पोचवते आणि स्क्रीनला सांगते, की आता गाणी, नकाशा बाजूला ठेव आणि मागचं दाखव. ही तार जोडायची राहिली तर कॅमेरा चालू असूनही स्क्रीन बदलत नाही, आणि गिऱ्हाईक कॅमेराच खराब म्हणून परत येतं.

काम तसं दोन-तीन तासांचं. पण ते टिकणार की नाही, हे ठरतं वायर कुठून नेली यावर. मोटारीत ती छताच्या कापडाआडून किंवा दरवाजांच्या खालच्या पट्टीतून लपवत नेतात. हॅचबॅक गाडीत डिकीचा दरवाजा आणि छत यांच्या मध्ये रबरी नळी असते. तिच्यातून वायर ओवणं हे सगळ्यात कटकटीचं काम. म्हणून घाईतला माणूस ती टाळतो आणि वायर दरवाजाच्या फटीतून सोडून देतो. दरवाजा रोज आपटतो, वायर रोज थोडी चिरडते, पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी आत येतं. काही महिन्यांत चित्र थरथरायला लागतं आणि एक दिवस निळा पडदा तेवढा उरतो.

पिकअपचं दुखणं वेगळं. वायर चासीच्या बाजूने, उघड्यावर न्यायची. सायलेन्सरपासून लांब, फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब, पाट्यांच्या हालचालीत सापडणार नाही अशी. मिस्त्रींनी ती आधी प्लॅस्टिकच्या लवचीक पाइपात घातली आणि मग वीतभर अंतरावर पट्ट्यांनी आवळत नेली. जिथे पत्र्याला भोक होतं तिथे कडेला रबर बसवलं, कारण पत्र्याची धार हादऱ्यांनी वायरचं कातडं सोलते. अर्थसाठी त्यांनी बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. रंगावर अर्थ घेतला तर कॅमेरा कधी लागतो, कधी लागत नाही, आणि अशा कधीमधीच्या दोषाइतका त्रास पूर्ण बंद पडलेला कॅमेराही देत नाही. बंद कॅमेऱ्यावर ड्रायव्हर विसंबत नाही. कधीमधी लागणाऱ्यावर विसंबतो.

ट्रकचा हिशेब आणखी वेगळा, कारण तिथे चोवीस व्होल्ट. बारा व्होल्टचाच कॅमेरा ट्रकला जोडला तर तो जळण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही व्होल्टेजवर चालणारा घ्यावा लागतो. नव्या मोटारींत उलट अडचण येते. तिथे मागच्या दिव्यांचा पुरवठा संगणकाच्या ताब्यात असतो आणि कित्येक गाड्यांत तो अखंड न येता तुटक-तुटक ठोक्यांनी येतो. डोळ्यांना दिवा स्थिर दिसतो, कॅमेऱ्याला मात्र तो तुटकपणा कळतो आणि चित्र लुकलुकतं. अशा वेळी मधे रिले किंवा फिल्टर टाकावा लागतो. नव्या गाडीची वायर सोलून जोड मारण्यापेक्षा तयार कपलर वापरणं केव्हाही चांगलं. कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटीचे वाद होतात आणि टेपखालचा उघडा जोड पुढे शॉर्टसर्किटचं कारण होतो. फ्यूज न टाकता जोड देणाऱ्याकडून गाडी तशीच परत घ्यावी, या मताची मी झाले आहे.

मग आला कॅमेऱ्याच्या जागेचा प्रश्न, आणि इथे दुकानात वाद झाला. पिकअपवाल्याला कॅमेरा फाळक्याच्या मधोमध हवा होता, दिसायला बरा म्हणून. मिस्त्रींनी नकार दिला. फाळका खाली पडला की कॅमेरा जमिनीकडे बघणार, वर क्रेटचा मार बसणार. नंबरप्लेटच्या पट्टीवर लावला तर फाळका सोडलेला असताना त्याच्याआड जाणार, आणि चिखल थेट भिंगावर. शेवटी त्यांनी फाळक्याच्या बाजूच्या खांबाला आतल्या अंगाला लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली आणि कॅमेरा तिथे, खाली आणि किंचित मधे बघणारा, असा बसवला. चित्र थोडं तिरकं आलं. पिकअपवाला कुरकुरला.

मिस्त्री उत्तर न देता उठले. एक रिकामा क्रेट उभा करून त्यांनी तो गाडीच्या अगदी मागच्या कडेला टेकवून ठेवला आणि मालकाला केबिनमध्ये बसवलं. ‘‘क्रेट दिसतो?’’ ‘‘अर्धा.’’ कॅमेरा आणखी खाली वळला. ‘‘आता?’’ ‘‘पुरा दिसतो. पण लांबचा रस्ता कमी झाला.’’ ‘‘लांबचं आरशात बघा. आरशात दिसत नाही त्याच्यासाठी हा लावलाय.’’

चित्राच्या खालच्या कडेला स्वतःच्या गाडीची मागची कड दिसलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. दिसत नसेल तर गाडी आणि चित्र यांच्या मध्ये एक पट्टा अंधारात राहतो, आणि लहान मूल नेमकं त्या पट्ट्यात असू शकतं. बरीच माणसं कॅमेरा वर उचलून घेतात, कारण मग चित्रात आकाश येतं, रस्ता लांबवर दिसतो, सगळं प्रशस्त वाटतं.

क्रेट ठेवून बघण्याची ही पद्धत मिस्त्रींना कुणी शिकवलेली नव्हती. पण जगातल्या एका कडक कायद्याची चाचणीही जवळपास अशीच आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रेग गुलब्रॅन्सन हे बालरोगतज्ज्ञ घरासमोर आपली गाडी मागे घेत होते. त्यांनी आरसे बघितले होते, मान वळवूनही बघितलं होतं. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरून घरातून बाहेर आलेला त्यांना दिसला नाही. तो त्यांच्याच गाडीखाली गेला. मुलांवर उपचार करण्यात ज्याचं आयुष्य चाललं होतं, त्या माणसाने पुढची वर्षं एका मागणीसाठी घातली: गाडीच्या मागे काय आहे ते ड्रायव्हरला दिसलं पाहिजे, आणि ते दाखवणं गाडी बनवणाऱ्याचं कर्तव्य असलं पाहिजे. फेब्रुवारी २००८ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी कॅमेरूनच्या नावाच्या कायद्यावर सही केली. कायद्याने वाहतूक सुरक्षा खात्याला नियम तयार करायला २०११ पर्यंत मुदत दिली होती. मुदत टळली, पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. खर्चाचा हिशेब हे त्यातलं मुख्य कारण. शेवटी २०१३ मध्ये गुलब्रॅन्सन, दुसरी एक आई आणि ग्राहक व सुरक्षा संघटना न्यायालयात गेल्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च २०१४ रोजी, नियम जाहीर झाला. १ मे २०१८ पासून अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली साडेचार टनांपर्यंतची प्रत्येक नवी गाडी, मोटार असो वा पिकअप, मागचं दृश्य दाखवणाऱ्या यंत्रणेसह येऊ लागली. मुलाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांहून अधिक काळाने.

नियम करताना त्या खात्याने दिलेला अंदाज असा होता: गाडी मागे घेताना होणाऱ्या अपघातांत तिथे वर्षाला सरासरी २१० माणसं मरतात आणि सुमारे १५,००० जखमी होतात. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं, २६ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली माणसं. म्हणजे निम्म्याहून जास्त बळी असे, की ज्यांना पटकन बाजूला होता येत नाही. ज्या गाडीत स्क्रीन आधीच आहे तिला कॅमेरा बसवायचा खर्च ४३ ते ४५ डॉलर, आणि स्क्रीनसकट सगळं नव्याने बसवायचं तर १३२ ते १४२ डॉलर, असा त्याच खात्याचा हिशेब होता.

आणि चाचणी? गाडीच्या मागे तीन मीटर रुंद आणि सुमारे सहा मीटर लांब असा चौकोन आखतात. त्यात सात नळकांडी उभी करतात. प्रत्येकाची उंची ८० सेंटिमीटर, व्यास ३० सेंटिमीटर. रिव्हर्स गिअर टाकल्यावर दोन सेकंदांच्या आत चित्र आलं पाहिजे आणि त्या चित्रात ती नळकांडी दिसली पाहिजेत. दीड वर्षाच्या मुलाची उंची साधारण ऐंशी सेंटिमीटर असते.

साध्या हॅचबॅक मोटारीतही या उंचीचं काय होतं, ते गणिताने बघता येतं. ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरवर आणि मागच्या काचेची खालची कड एक मीटर पाच सेंटिमीटरवर आहे असं धरू. दोहोंतलं अंतर अडीच मीटर. नजरेची रेघ अडीच मीटरांत वीस सेंटिमीटर उतरते. त्याच उताराने ती ऐंशी सेंटिमीटरपर्यंत यायला काचेच्या मागे आणखी तीन मीटर जावे लागतात. त्या तीन मीटरांत उभं असलेलं दीड वर्षाचं मूल त्या ड्रायव्हरला, त्याने कितीही मान वळवली तरी, दिसणार नाही. जमीन तर तेरा मीटरपर्यंत दिसतच नाही, रांगणारं मूल त्यात कुठेतरी हरवलेलं असू शकतं. ड्रायव्हर बुटका असेल किंवा गाडी उंच असेल, तर हे आकडे वाढतात. क्रेट भरलेल्या पिकअपला हे गणित लागूच पडत नाही, कारण तिथे मागच्या काचेतून रेघच निघत नाही.

गाडीच्या मागे कॅमेरा लावण्याची कल्पना मुळात सुरक्षेसाठी जन्मलेली नव्हती. १९५६ मध्ये ब्युइक कंपनीने ‘सेंच्युरियन’ नावाची प्रदर्शनातली गाडी दाखवली, तिला आरशांऐवजी मागे टीव्हीचा कॅमेरा आणि पुढे पडदा होता. भविष्य कसं असेल ते दाखवण्याची ती हौस होती. विक्रीच्या मोटारीत कॅमेरा आला तो जपानमध्ये १९९१ च्या टोयोटा सोअररमध्ये, महागड्या गाडीचा थाट म्हणून. तो थाट अजून आपल्या बाजाराच्या डोक्यातून गेलेला नाही. मोटार घेताना कॅमेरा वरच्या मॉडेलमध्ये मिळतो आणि विक्रेता तो पार्किंगची सोय म्हणून सांगतो. हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा, बंपरला ओरखडा नाही. बाहेरून बसवलेल्या स्वस्त कॅमेऱ्यातल्या रेघा तर चित्रावर कायमच्या छापलेल्या असतात. स्टिअरिंग फिरवलं तरी त्या हलत नाहीत, आणि कॅमेरा कुठल्या उंचीवर, कुठल्या कोनात बसवलाय हे त्यांना ठाऊक नसतं. लाल रेघ म्हणजे किती फूट, हे खडूने जमिनीवर खुणा करून एकदा स्वतः बघावं लागतं. मिस्त्री ते करून देतात. बहुतेक ठिकाणी करत नाहीत.

आपल्याकडचा कायदा ड्रायव्हरच्या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९८९ च्या रस्ते नियमांतच लिहिलं होतं, की कुणालाही धोका होणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय गाडी मागे नेऊ नये. पण खात्री पटवून घेण्याचं साधन गाडीत असावं, हे म्हणायला आपल्याला बराच वेळ लागला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे सेन्सर सक्तीचे झाले, ड्रायव्हरसाठीची एअरबॅग, वेगाचा इशारा आणि सीटबेल्टची आठवण यांच्याबरोबर. ही चांगली गोष्ट झाली. मात्र ती प्रवासी मोटारींसाठी. मालवाहू पिकअप, छोटे टेम्पो तेव्हा त्यात नव्हते. आणि सेन्सर म्हणजे कॅमेरा नव्हे. बंपरमधल्या सेन्सरला भिंत, खांब, दुसरी गाडी चांगली कळते. मऊ कपड्यातलं लहान शरीर, खाली बसलेलं माणूस, बारीक काठी यांच्यावरून त्याच्या ध्वनिलहरी नीट परतत नाहीत. शिवाय तो किती जवळ ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. गवत लागलं तरी वाजतो, आणि सतत वाजणाऱ्या गोष्टीकडे माणसाचं लक्ष राहत नाही.

गल्लीबोळांतून घंटागाडी मागे जाते, शाळेची व्हॅन शाळेच्या फाटकासमोर मागे जाते, दूध संकलनाचा टेम्पो पहाटेच्या अंधारात वस्तीवरच्या अंगणात मागे जातो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रक थेट फडात उलटा शिरतो, आणि त्याच फडाच्या कडेला तोडणी कामगारांची मुलं चिपाडावर झोपलेली असतात. या गाड्यांचं मागे जाणं माणसांमधून होतं. सोसायटीच्या आखलेल्या जागेत शिरणाऱ्या मोटारीला कॅमेरा आधी मिळाला, यांना अजून मिळायचा आहे. ही उलटी रांग मला मान्य नाही. रिव्हर्स टाकल्यावर वाजणाऱ्या गाण्यावर विसंबून राहणंही मान्य नाही. मोठा माणूस त्या आवाजाने बाजूला होतो. दीड वर्षाचं मूल गाणं ऐकून गाडीकडे येऊही शकतं.

कॅमेरा लावला की झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात नुसत्या कॅमेऱ्याने मागे जातानाचे अपघात सुमारे १७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. एवढं दिसतं तरी एवढंच का? कारण चित्र बघावं लागतं, तेही चाक हलण्याआधी. पावसाचा एक थेंब भिंगावर बसला की मूल आणि क्रेट यांतला फरक पुसला जातो. समोरून सूर्य कॅमेऱ्यात शिरला की पडदा पांढरा होतो. रुंद भिंगामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. मागून दिसणारं चित्र आरशासारखं उजवं-डावं बदलून दाखवावं लागतं. बाजारात पुढच्या-मागच्या दोन्ही कामांचा एकच कॅमेरा मिळतो आणि त्याची एक छोटी वायर कापायची की जोडलेली ठेवायची, यावर चित्र सुलट की उलट ते ठरतं. ते तपासलं नाही तर ड्रायव्हर डावीकडचं माणूस वाचवायला स्टिअरिंग त्याच्याच अंगावर फिरवील.

संध्याकाळी काम संपलं. मिस्त्रींनी पिकअपवाल्याला एक जुनं सुती फडकं दिलं आणि सांगितलं, ‘‘टाकी भरताना काच पुसता, तसं हेपण पुसायचं. आणि बसायच्या आधी एक फेरी मारायची गाडीभोवती.’’

‘‘मग कॅमेरा कशाला लावला मिस्त्री?’’

‘‘फेरी मारून तुम्ही केबिनमध्ये चढून बसेपर्यंत कोण मागे येतंय, त्याच्यासाठी.’’

पाच इंची स्क्रीन, कॅमेरा, वायर, पट्टीचं वेल्डिंग, दिव्याची दुरुस्ती आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास बिल झालं. हंगामात पिकअपच्या एका चांगल्या फेरीच्या भाड्यात ते बसतं.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंगला जावं लागतं. तिथे ब्रेक बघतात, दिवे बघतात, धूर बघतात. त्याच वेळी गाडीच्या मागे ऐंशी सेंटिमीटर उंचीचा एक डबा ठेवून ड्रायव्हरला विचारता येईल, की तो दिसतो का. डब्याला खर्च नाही, वेळ मिनिटभराचा. दिसत नसेल तर कॅमेरा बसवून यायला सांगावं, आणि बसवलेला असेल तर तो खाली बघतो की आकाशाकडे, तेही त्याच मिनिटात कळेल. मोटार वाहन विभागाने ही चाचणी घंटागाड्या आणि शाळेच्या व्हॅनपासून सुरू करावी. त्या महापालिकांच्या आणि शाळांच्या कामातल्या गाड्या आहेत, त्यांच्या कंत्राटात ही अट घालायला नव्या कायद्याची वाटही बघावी लागणार नाही.